वीज आली, पण सेवा आली का?

१२ ऑक्टोबर २०२० रोजी, सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास, कुलाब्यापासून दहिसरपर्यंत मुंबईची वीज गेली. कळवा-पडघे भागातल्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या बंद पडल्या, आणि अशा प्रसंगी मुंबईला उरलेल्या जाळ्यापासून अलग करून वाचवण्याची जी व्यवस्था आहे तीही त्या दिवशी टिकली नाही. लोकल गाड्या रुळांवर जागच्या जागी थांबल्या. शाळांच्या इमारती करोनाच्या साथीमुळे मार्चपासून बंदच होत्या. काही तासांनी, वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वेळी, वीज परत आली. घराघरांतले पंखे फिरू लागले, फ्रीज घुमू लागले. त्यांना कोणी काही सांगावे लागले नाही.

संगणकाचे तसे नसते. कुलूपबंद इमारतीतल्या संगणकाला वीज मिळाली म्हणजे तो सुरू होईलच असे नाही. तो सुरू झाला म्हणजे त्याच्यावरची सेवा सुरू होईलच असे नाही. आणि सेवा सुरू झाली म्हणजे ती विचारल्यावर उत्तर देईलच असेही नाही. ही तीन अंतरे बहुतेक मार्गदर्शक सूचनांत दिसत नाहीत. त्याबद्दल आमची तक्रार आहे.

आधी शब्दाचा अर्थ स्पष्ट करून घेऊ. सर्व्हर म्हणजे काही वेगळ्या जातीचे यंत्र नव्हे. दुसऱ्या संगणकांकडून येणाऱ्या मागणीची वाट पाहत बसणारा आणि ती आली की उत्तर देणारा प्रोग्रॅम म्हणजे सर्व्हर. तो ज्या संगणकावर चालतो त्यालाही आपण सवयीने तेच नाव देतो. शाळेला त्याचे काय, असे कोणी विचारील. किविक्स ही मुक्त प्रणाली २००७ पासून उपलब्ध आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया तिच्या साहाय्याने एका फाइलमध्ये बांधून शाळेतल्या एखाद्या लहानशा संगणकावर ठेवता येतो, आणि इंटरनेट नसतानाही वर्गातल्या सगळ्या पडद्यांवर वाचता येतो. याहून मोठा प्रयोग मुंबईच्याच उपनगरांतून उभा राहिला. देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, अमेरिकेतील एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्स यांनी २०१५ मध्ये 'कनेक्टेड लर्निंग इनिशिएटिव्ह' हा उपक्रम हाती घेतला. त्यासाठी 'जीस्टुडिओ' नावाची प्रणाली मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील प्रयोगशाळेने घडवली. राजस्थान, मिझोराम, छत्तीसगड आणि तेलंगणातल्या शाळांमध्ये इंटरनेटचा भरवसा नव्हता, म्हणून शाळेतच सर्व्हर ठेवून धडे तिथूनच देण्याची योजना होती. या उपक्रमाला २०१७ सालासाठीचा युनेस्कोचा किंग हमाद पुरस्कार मिळाला.

अशा सर्व्हरचे भवितव्य कशावर ठरते? धडे किती चांगले आहेत यावर तर ठरतेच. पण त्याच्याही आधी, सकाळी शिपायाने मुख्य बटण दाबल्यावर तो आपोआप उभा राहतो की नाही, यावर ठरते. तासिका ३५ मिनिटांची असते. पहिली दहा मिनिटे सर्व्हर 'उठवण्यात' गेली, की पुढच्या आठवड्यात शिक्षक तो पाठ फळ्यावर घेतात, आणि त्यांचे काही चुकत नाही. तिसऱ्या महिन्यात सर्व्हरवर कापड चढते. संगणकातले कळणारे शाळेत एकच सर किंवा एकच बाई असतात. त्यांची बदली झाली तर कापड कायमचे.

या विषयावर शिक्षकांसाठी आणि हौशी मंडळींसाठी लिहिलेल्या सूचना आम्ही ओळीने वाचल्या. मराठीत थोड्या, इंग्रजीत पुष्कळ. बहुतेकांचा घाट एकच. अमुक फाइल उघडा, तमुक ओळ घाला, संगणक बंद करून पुन्हा चालू करा, सर्व्हर चालू दिसला म्हणजे काम झाले. यात खोटे काही नाही. पण ही चाचणी अशा वेळी घेतली जाते, जेव्हा राऊटर आधीपासून चालू असतो, पेनड्राइव्ह जागेवर असतो, आणि ज्याला सगळे कळते तो माणूस खुर्चीत बसलेला असतो. प्रत्यक्षात अडचण येते ती यांपैकी काहीच नसताना. सूचना लिहिणाऱ्याने आपल्या टेबलावरची परिस्थिती हीच सर्वांची परिस्थिती समजावी, हा या लेखनप्रकारातला मूळ दोष आहे.

पंपाचा धडा

दहिसरच्या कोणत्याही जुन्या सोसायटीत डोकावा. महापालिकेचे पाणी ठरल्या वेळी येऊन तळटाकीत साठते आणि तिथून पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो. आता या पंपाला 'ऑटो' करायचे आहे. वीज आली की पंप सुरू, एवढीच जोडणी केली तर काय होईल? तळटाकी कोरडी असताना पंप सुरू होईल आणि मोटर जळेल. वरची टाकी भरलेली असेल तर पाणी गच्चीवरून वाहील. म्हणून जाणता वायरमन खालच्या टाकीत एक आणि वरच्या टाकीत एक असे तरंगते स्विच बसवतो. 'वीज आहे' ही पंप चालण्याची एक अट झाली. 'खाली पाणी आहे' आणि 'वर जागा आहे' या आणखी दोन. सोसायटीच्या रखवालदारालासुद्धा ठाऊक असलेली ही गोष्ट संगणकाच्या पुस्तिकेत मात्र सापडत नाही.

आणखी एक बारकावा पाहण्यासारखा आहे. मोटरच्या साध्या स्टार्टरमध्ये एक विद्युतचुंबकी गुंडाळी असते. वीज गेली की तिचे चुंबकत्व जाते आणि संपर्क सुटतो. वीज परत आली तरी तो आपोआप जुळत नाही. हिरवे बटण पुन्हा दाबावे लागते. हा दोष नसून मुद्दाम केलेली योजना आहे. कोणी मोटरची दुरुस्ती करत असताना ती अचानक फिरू नये, हा तिचा हेतू. ग्रामीण महाराष्ट्रात या योजनेला बगल देणारे 'ऑटो स्विच' कृषिपंपांवर सर्रास बसवले जातात. रात्री-अपरात्री शेतावर जावे लागू नये ही शेतकऱ्याची गरज खरीच आहे. पण मोटर सुरू होताना नेहमीच्या ५ ते ७ पट विद्युतप्रवाह घेते, आणि वीज येताच एका रोहित्रावरचे सगळे पंप एकाच क्षणी सुरू झाले तर रोहित्र जळते. म्हणून 'ऑटो स्विच काढा' असे आवाहन महावितरण वेळोवेळी करत असते.

आपोआप सुरू होणे ही गोष्ट म्हणजे नुसती सोय नव्हे. ती अटींची रचना आहे: कशाच्या नंतर, कशाच्या सोबत, कोणाच्या नावाने, आणि जमले नाही तर किती वेळाने पुन्हा. या कसोटीवर संगणकातल्या निरनिराळ्या पद्धती घासून पाहू.

सुरुवात भिंतीवरच्या प्लगपासून करायला हवी. टेबलावरच्या नेहमीच्या संगणकाला वीज परत मिळाल्यावर काय करायचे, हे त्याच्या मुख्य पाटीवरचा मूळ प्रोग्रॅम, म्हणजे बायोस, ठरवतो. तिथे साधारणपणे तीन पर्याय असतात: बंद राहा, सुरू हो, किंवा वीज जाण्यापूर्वी जसा होतास तसा हो. अनेक यंत्रांवर पहिलाच पर्याय निवडलेला असतो, मोटरच्या स्टार्टरसारखाच. तो बदलला नाही तर पुढच्या साऱ्या खटपटी व्यर्थ. आम्ही वाचलेल्या सूचनांपैकी फार थोड्यांत याचा उल्लेख आढळला. देणगीत मिळालेल्या जुन्या संगणकांत तर आणखी एक गंमत असते. आतली ३ व्होल्टची, नाण्याएवढी बॅटरी संपलेली असली तर वीज जाताच हे निवडलेले पर्याय पुसले जातात आणि पडद्यावर 'कळ दाबा म्हणजे पुढे जातो' असा संदेश येऊन यंत्र वाट पाहत बसते. कळ दाबायला कोणी नाही. काही यंत्रे कीबोर्ड जोडलेला नाही म्हणून अडतात आणि त्यावर उपाय म्हणून कीबोर्डचीच कळ दाबायला सांगतात! २०१२ मध्ये आलेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक या बाबतीत सरळ आहे. त्याला वीज द्या, तो सुरू होतो.

आता कार्यप्रणालीकडे वळू. विंडोजवर सर्वांत लोकप्रिय सल्ला 'स्टार्टअप' नावाच्या फोल्डरमध्ये प्रोग्रॅमचा शॉर्टकट ठेवण्याचा. सर्व्हरसाठी हा सल्ला चुकीचा आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. या फोल्डरमधले प्रोग्रॅम संगणक सुरू झाल्यावर चालू होत नाहीत. कोणीतरी नाव आणि पासवर्ड देऊन आत शिरल्यावर चालू होतात. रात्री विंडोजने स्वतःला अद्ययावत करून यंत्र पुन्हा सुरू केले, की सकाळी ते पासवर्डच्या पडद्यावर उभे असते आणि सर्व्हर झोपलेला असतो. यावर तोडगा म्हणून पासवर्डाशिवाय आपोआप आत शिरण्याची व्यवस्था सुचवली जाते. म्हणजे घराचे दार आपोआप उघडत नाही म्हणून दारच काढून ठेवायचे. खरा मार्ग वेगळा आहे. १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीपासून 'सेवा' ही स्वतंत्र कल्पना त्या प्रणालीत आहे. सेवा कोणी आत शिरण्याआधीच सुरू होते. मात्र कोणताही प्रोग्रॅम उचलून सेवा म्हणून नोंदवता येत नाही. सेवांच्या व्यवस्थापकाने हाक मारल्यावर ३० सेकंदांत 'मी हजर' असे उत्तर देण्याची भाषा त्या प्रोग्रॅमला यावी लागते. नाहीतर व्यवस्थापक त्याला गैरहजर ठरवतो. आणि सेवा मध्येच बंद पडली तर काय करायचे, या रकान्यात आपण काही भरले नाही तर उत्तर असते: काहीही नाही.

क्रमांक १ ची प्रक्रिया

युनिक्स आणि त्याच्या कुळातल्या लिनक्सची गोष्ट अधिक रंजक आहे, आणि वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांना सांगण्यासारखीही. कार्यप्रणालीचा गाभा स्मृतीत आला की तो एकच प्रक्रिया सुरू करतो. तिचा क्रमांक १. बाकीच्या सेवा आणि प्रोग्रॅम हा तिचाच वंशविस्तार. त्यामुळे 'संगणक सुरू होताना काय काय सुरू व्हावे' हा प्रश्न म्हणजे 'क्रमांक १ ने काय वाचावे' हाच प्रश्न.

जुन्या युनिक्समध्ये क्रमांक १ एक आज्ञांची फाइल वरून खाली वाचत असे. पुढे सिस्टिम पाच या आवृत्तीत प्रत्येक सेवेसाठी वेगळी फाइल आली आणि फाइलच्या नावात दोन अंकी क्रमांक घालण्याची पद्धत पडली. २० वाली आधी, ८० वाली नंतर. हजेरीपटासारखे. पद्धत समजायला सोपी, पण क्रमांक म्हणजे कारण नव्हे. ८० ला २० ची गरज आहे म्हणून ती नंतर आहे, की कोणी सहज ८० लिहिले, हे फाइल पाहून कळत नाही. शिवाय 'नंतर सुरू करा' यात '२० खरोखर तयार झाली का' हा प्रश्न विचारलाच जात नाही.

त्याच परंपरेतला एक अवशेष आजच्या सूचनांत अजून फिरतो: 'आरसी लोकल' नावाची फाइल. तिच्यात घातलेल्या ओळी सुरुवातीला एकदा, सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालतात. फाइलच्या शेवटी बहुधा 'बाहेर पड' अशी आज्ञा असते, आणि नवशिका आपली ओळ नेमकी तिच्या खाली लिहितो. ती कधीच चालत नाही. दुसरा फिरता सल्ला क्रॉन या वेळापत्रक सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला 'रीबूट झाल्यावर हे कर' असे सांगण्याचा. तो चालतो, पण जाळे तयार आहे का, हे क्रॉन पाहत नाही, आणि प्रोग्रॅम दहाव्या मिनिटाला कोसळला तर क्रॉनला त्याचे सोयरसुतक नसते. दोन्ही सल्ले तळटाकीत न डोकावता पंप चालू करण्याच्या जातीचे आहेत.

२०१० मध्ये लेनार्ट पोएटरिंग आणि के सीव्हर्स यांनी सिस्टिमडी ही नवी व्यवस्था पुढे आणली. तिच्यावरून लिनक्स जगतात जे वादंग झाले ते सहजासहजी विसरले जाणार नाही. डेबियन या मोठ्या स्वयंसेवी प्रकल्पाच्या तांत्रिक समितीत फेब्रुवारी २०१४ मध्ये ४ विरुद्ध ४ अशी समान मते पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडी स्वीकारली गेली. एकाच प्रणालीने किती कामे आपल्या हाती घ्यावीत, हा आक्षेप घेणाऱ्यांचा मुद्दा अगदीच गैरलागू नव्हता. रास्पबेरी पायची कार्यप्रणाली आणि आपल्या सी-डॅकची बॉस ही दोन्ही डेबियनवर आधारलेली आहेत, म्हणून त्या मताचा परिणाम आपल्या शाळांपर्यंत पोहोचला.

आमच्या मते सिस्टिमडीचा सर्वांत मोठा गुण तांत्रिक नाही, शैक्षणिक आहे. प्रत्येक सेवेसाठी दहा-बारा ओळींची एक साधी मजकुराची फाइल लिहायची. कोणता प्रोग्रॅम, कोणाच्या नावाने, कशाच्या नंतर, पडला तर काय. करायचे कसे हे न सांगता काय हवे ते सांगायचे. ही फाइल बदली होऊन आलेल्या नव्या शिक्षकाला वाचता येते. खिडक्यांमागच्या खिडक्यांत दडलेली टिचकी वाचता येत नाही. 'नंतर' आणि 'गरज' या दोन कल्पना तिथे वेगळ्या लिहाव्या लागतात, हेही आम्हाला आवडते. 'नंतर' म्हणजे फक्त क्रम. 'गरज' म्हणजे ती सेवा नसेल तर तिलाही सुरू करा. नुसती गरज लिहिली तर दोन्ही एकदम सुरू होतील. नुसता क्रम लिहिला तर पहिली कधी सुरूच होणार नाही, असेही घडू शकते. तर्कशास्त्राचा असा स्वच्छ नमुना दहावीच्या मुलांपुढे ठेवायला हरकत नाही.

दोष मात्र याच गुणांच्या शेजारी आहेत, आणि त्यांची झळ नवशिक्याला बसते. 'सुरू कर' आणि 'पुढेही दर वेळी सुरू होत जा' या तिथे दोन वेगळ्या आज्ञा आहेत. पहिली दिली आणि दुसरी राहिली, तर सर्व्हर महिनोन्‌महिने उत्तम चालतो आणि पहिल्याच वीजखंडानंतर गायब होतो. तोवर ती आज्ञा कोणी दिली होती हेही कोणाला आठवत नसते. 'नेटवर्क' या नावाचा जो टप्पा आहे तो आल्यावर जाळे तयार असते अशी कोणाचीही समजूत होईल. पण नाव फसवे आहे. जाळे खरोखर जोडले गेल्याची वाट पाहायची तर 'नेटवर्क-ऑनलाइन' हा दुसरा टप्पा लिहावा लागतो. 'चालू आहे' या हिरव्या अक्षरांचा अर्थही तपासून घ्यावा. सेवेचा साधा प्रकार निवडला असेल तर प्रक्रिया जन्मली एवढेच त्यातून कळते, ती मागणीला उत्तर देते आहे असे नव्हे. वर्गात मूल आहे आणि मूल शिकते आहे यांतला फरक शिक्षकांना आम्ही काय सांगावा!

सर्वांत जास्त गोंधळ पुन्हा प्रयत्न करण्याच्या नियमांत होतो. येथे थोडे गणित करू. जीस्टुडिओसारख्या प्रणालीत दोन घटक असतात: पाने बनवणारा भाग जँगोवर उभारलेला, माहिती ठेवणारा भाग मोंगोडीबीवर. पहिल्याला दुसऱ्याची गरज. समजा, अशा रचनेत वीज गेल्यानंतर माहितीसाठ्याला आपल्या फाइली तपासून तयार व्हायला २० सेकंद लागतात. पाने बनवणारा प्रोग्रॅम त्याआधी सुरू झाला, त्याला साठा सापडला नाही आणि तो तत्काळ बंद पडला. काही लिहिले नसेल तर सिस्टिमडी त्याला पुन्हा सुरू करत नाही, म्हणून आपण 'पडला की पुन्हा सुरू कर' असे लिहिले. आता ठरल्याप्रमाणे ती ०.१ सेकंद थांबून पुन्हा सुरू करते. तो पुन्हा पडतो. मात्र दुसरा एक ठरलेला नियम असा, की १० सेकंदांत ५ पेक्षा जास्त वेळा सुरुवात करायची नाही. पाच सुरुवाती अर्ध्या सेकंदाच्या आसपास उरकतात. सहावी नाकारली जाते आणि सिस्टिमडी सेवेला 'अयशस्वी' ठरवून हात झटकते. साठा विसाव्या सेकंदाला तयार होतो, तेव्हा त्याच्याकडे मागणी करणारे कोणी उरलेले नसते. थांबायचा वेळ ५ सेकंद लिहिला असता तर? सुरुवाती ०, ५, १०, १५, २० या सेकंदांना होतात. कोणत्याही १० सेकंदांत त्या तीनच्या वर जात नाहीत. मर्यादा लागू होत नाही आणि विसाव्या किंवा पंचविसाव्या सेकंदाला काम होते. एका ओळीचा फरक. ही ओळ आम्हाला वाचलेल्या सूचनांपैकी मोजक्यांत दिसली, आणि ती का लिहायची हे त्याहून कमी ठिकाणी. ०.१ सेकंद हा आकडा ज्यांनी ठरवला त्यांच्या डोळ्यांसमोर मोठ्या कंपन्यांची यंत्रे असावीत, दिवसातून दोनदा वीज जाणारी शाळा नसावी.

जीस्टुडिओ डॉकर या पेटीबंद पद्धतीनेही पुरवली जात असे. अशा पेट्यांचे कौतुक होते ते रास्त आहे; सगळा पसारा एकत्र बांधून मिळतो. पण पेट्यांनाही 'पुन्हा सुरू हो' असे वेगळे सांगावे लागते, आणि 'अमुक पेटी तमुकवर अवलंबून' असे साध्या रीतीने लिहिले तर डॉकरसुद्धा पहिली पेटी सुरू झाली एवढेच पाहते, ती तयार झाली की नाही हे पाहत नाही. म्हणजे जुनाच प्रश्न नव्या खोक्यात.

सर्व्हर चालू असूनही मुलांना दिसत नाही, हा प्रकारही नेहमीचा. वीज परत आल्यावर राऊटरही नव्याने सुरू झालेला असतो आणि त्याने सर्व्हरला नवा पत्ता दिलेला असतो. मुले फळ्यावर लिहिलेल्या जुन्या पत्त्यावर हाका मारत राहतात. राऊटरमध्ये त्या यंत्राचा पत्ता कायमचा राखून ठेवणे हा उपाय, आणि तो सर्व्हरवरच्या कोणत्याही फाइलपेक्षा महत्त्वाचा. ज्ञानकोशाची मोठी फाइल पेनड्राइव्हवर असेल तर तो जोडला जाण्याआधीच किविक्स सुरू होऊन रिकाम्या हाताने परतते. तेव्हा 'ही जागा जोडली गेल्यावरच' अशी अट लिहावी. पाय ५ च्या आधीच्या मॉडेलांत वीज नसताना चालणारे घड्याळ नाही. इंटरनेटही नसेल तर वीजखंडानंतर त्याची वेळ मागे राहते आणि विद्यार्थ्याने आज सोडवलेला प्रश्न मागच्या तारखेला नोंदला जातो. निकालपत्रक त्यावरून करणार असाल तर हे ध्यानात असू द्या.

सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने सर्व्हर चालवू नका, हे मात्र जवळपास प्रत्येक चांगल्या पुस्तिकेत असते, म्हणून त्याची पुनरुक्ती करत नाही.

वर्गात करून पाहा

शाळेत असा सर्व्हर असेल तर आठवी ते दहावीच्या मुलांसह तीन चाचण्या घेता येतील. पहिली सोपी आहे. यंत्र नीट बंद करा, पुन्हा सुरू करा, कीबोर्डला कोणी हात लावू नका, आणि दुसऱ्या संगणकावर पान उघडते का पाहा. दुसरीत सर्व्हरचा प्रोग्रॅम मुद्दाम मारून टाका आणि तो किती सेकंदांनी परत येतो ते घड्याळावर मोजा. तिसरी खरी. सर्व्हर आज्ञा देऊन बंद करा, मग राऊटर, सर्व्हर, सारे काही एका मुख्य बटणाने बंद करा. पाच मिनिटे थांबा. मग तेच एक बटण चालू करा. मुलांनी पाच-पाच सेकंदांनी पान मागत राहावे आणि कोणत्या सेकंदाला काय दिसले ते वहीत उतरवावे. यंत्र नीट बंद न करता बटण ओढण्याचा मोह टाळावा, मेमरी कार्ड खराब होते. जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून वापरत असाल तर त्याची बॅटरी हाच तुमचा यूपीएस. पण ती पूर्ण संपल्यावर वीज आली तर अनेक लॅपटॉप आपण होऊन सुरू होत नाहीत, हेही याच चाचणीत उघड होईल. बॅटरी संपेपर्यंत थांबण्याची चिकाटी मात्र हवी.

सिस्टिमडीत प्रत्येक सेवेने सुरू होताना किती वेळ घेतला, याची यादी एका आज्ञेने मिळते. ती आकडेवारी स्तंभालेखात मांडायला द्या. कोणती सेवा कोणासाठी थांबली, हे बाणांनी दाखवायला सांगा. असा आलेख मुलांनी स्वतः काढला, की 'बूट होणे' म्हणजे पडद्यावरचे फिरणारे चक्र नव्हे हे वेगळे शिकवावे लागत नाही.

तिसऱ्या चाचणीनंतर एक कागद सर्व्हरच्या अंगावर चिकटवून टाकावा. त्यावर यंत्राचा राखून ठेवलेला पत्ता, सेवेच्या फाइलचे नाव आणि ती ठेवलेली जागा, मुख्य बटण दाबल्यापासून पहिले पान दिसेपर्यंत लागलेले सेकंद, आणि ही चाचणी शेवटची कधी घेतली ती तारीख. तेवढे सेकंद उलटूनही पान दिसले नाही, तर नव्याने आलेल्या शिक्षकाने प्रथम सिस्टिमडीची नोंदवही वाचावी. सेवा कोणत्या क्षणी आणि कशाअभावी पडली, ते तिथे बहुधा लिहिलेले असते.